विश्लेषण : पीएच.डी.च्या विद्यार्थ्याचा ‘सेमिनार’ धायरीकरांच्या काय कामाचा?

जीवशास्त्र विभागांच्या बंद खोल्यांत होणाऱ्या सेमिनारमध्ये संशोधक विद्यार्थ्यांची उलटतपासणी होते. सार्वजनिक पैशातून चाललेल्या संशोधनाची पहिली परीक्षा तिथेच होते. मात्र ज्यांच्या पाण्याशी, पिकांशी आणि आजारांशी या संशोधनाचा संबंध आहे, ते नागरिक त्यापासून दूरच राहतात. हे सेमिनार काय असतात, त्यांचे नियम काय आणि ते मराठीतून लोकांपर्यंत का यायला हवेत, याविषयी…

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता परिसरातील किरकटवाडी, नांदेड, धायरी, खडकवासला या भागांत गुइलेन बॅरे सिंड्रोम अर्थात जीबीएसचे रुग्ण आढळू लागले. पुणे परिसरातील संशयित आणि निश्चित रुग्णांची संख्या पुढे दोनशेपलीकडे गेली, काहींचा मृत्यूही झाला. त्या दिवसांत धायरीतल्या घराघरांत प्रश्न होते ते असे : विहिरीचे पाणी दूषित आहे की टँकरचे? कोंबडी खायची की नाही? पाणी उकळले म्हणजे पुरे का? एकाला जुलाब होऊन तो बरा होतो आणि दुसऱ्याचे हातपाय लुळे का पडतात? व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तरांचा पाऊस पडत होता. त्यातले खरे कोणते, हे ओळखण्याचे साधन मात्र फारच थोड्यांकडे होते.

हे सगळे प्रश्न जीवशास्त्राचे होते. धायरीपासून साधारण १५ किलोमीटरवर, गणेशखिंड ते पाषाण या पट्ट्यात अशाच प्रश्नांची चिरफाड करण्याचे काम एरवीही सुरू असते. ते जिथे चालते त्या खोलीचे नाव आहे सेमिनार हॉल.

सेमिनार म्हणजे नेमके काय?

‘सेमिनार’ या शब्दाचे मूळ लॅटिन आहे आणि त्याचा अर्थ रोपवाटिका. एकोणिसाव्या शतकात जर्मन विद्यापीठांत प्राध्यापकाने सांगायचे आणि विद्यार्थ्यांनी उतरवून घ्यायचे, या पद्धतीला जोड म्हणून विद्यार्थ्यांनी स्वतः अभ्यास मांडायचा आणि इतरांनी त्यावर प्रश्न करायचे, ही रीत रुजली. पुढे ती जगभर गेली.

आजच्या जीवशास्त्र विभागांत तिचे चार-पाच प्रकार दिसतात. पहिला ‘जर्नल क्लब’. यात विद्यार्थी दुसऱ्याने प्रसिद्ध केलेला शोधनिबंध वाचून त्यातले बरे-वाईट सांगतो. दुसरा प्रयोगशाळेच्या आतली साप्ताहिक बैठक. यात फसलेले प्रयोगही मोकळेपणाने मांडले जातात. तिसरा विद्यार्थ्याने संपूर्ण विभागापुढे आपल्या कामाची प्रगती सांगण्याचा. चौथा बाहेरून आलेल्या पाहुण्या संशोधकाच्या व्याख्यानाचा. आणि शेवटचा प्रबंधाआधीच्या सादरीकरणाचा व त्यानंतरच्या खुल्या मौखिक परीक्षेचा.

पुण्यात कुठे होतात?

पुणे विद्यापीठाची स्थापना १९४९ ची. २०१४ पासून ते सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ म्हणून ओळखले जाते. तिथे प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान असे जीवशास्त्राचे अनेक विभाग आहेत. राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र याच आवारात आहे. पाषाणला २००६ मध्ये सुरू झालेल्या ‘आयसर’चा जीवशास्त्र विभाग आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर यांचे नाव लाभलेली आघारकर संशोधन संस्था १९४६ पासून काम करते आहे. १९५२ मध्ये विषाणू संशोधन केंद्र म्हणून सुरू झालेली राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था अर्थात एनआयव्हीही पुण्यातच आहे. जीबीएसच्या वेळी रुग्णांचे नमुने तपासले गेले ते तिथेच. एका शहरात जीवशास्त्राच्या इतक्या संस्था असणे ही देशात सहसा न आढळणारी गोष्ट.

विद्यार्थ्याला किती वेळा बोलावे लागते?

विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, नोव्हेंबर २०२२ मध्ये पीएच.डी.चे नवे नियम लागू केले. त्यानुसार प्रत्येक संशोधक विद्यार्थ्यासाठी संशोधन सल्लागार समिती असते आणि दर सत्रात तिच्यापुढे सादरीकरण करून प्रगतीचा अहवाल द्यावा लागतो. पीएच.डी.चा किमान कालावधी तीन वर्षांचा. म्हणजे पाच वर्षे काम करणारा विद्यार्थी समितीपुढेच सुमारे दहा वेळा उभा राहतो. विभागातले सेमिनार आणि जर्नल क्लब वेगळेच.

प्रबंध सादर करण्यापूर्वीचे सादरीकरण विभागातील सर्व शिक्षकांसाठी आणि इतर संशोधक विद्यार्थ्यांसाठी खुले असावे लागते. त्यानंतर प्रबंध मार्गदर्शकाबरोबरच संस्थेबाहेरच्या किमान दोन परीक्षकांकडे जातो. अखेरची मौखिक परीक्षाही शिक्षक, संशोधक आणि विद्यार्थी यांच्यासाठी खुली असते. थोडक्यात, चार भिंतींआड गुपचूप पदवी देता येऊ नये, अशी या नियमांची रचना आहे.

त्या एका तासात काय घडते?

साधारण ४०-४५ मिनिटे विद्यार्थी बोलतो आणि उरलेला वेळ प्रश्नांचा. खरा सेमिनार सुरू होतो तो प्रश्नांच्या वेळी. प्रश्न वरवर साधे असतात, पण त्यातला एखादा दोन वर्षांचे काम मोडीत काढू शकतो.

पहिला नेहमीचा प्रश्न : तुलनेसाठी काय घेतले? औषध दिले आणि ताप उतरला. पण औषध न देताही तो तिसऱ्या दिवशी उतरला असता का? हे पाहण्यासाठी औषध न दिलेला गट लागतो. जीवशास्त्रात त्याला ‘कंट्रोल’ म्हणतात. तो नसेल तर बाकीचे आकडे कितीही देखणे असोत, त्यांचा उपयोग नाही.

दुसरा प्रश्न : नमुने किती आणि ते खरोखर वेगवेगळे आहेत का? एकाच विहिरीतून एकाच दिवशी दहा बाटल्या पाणी भरले, तर दहा विहिरी तपासल्या असे होत नाही. तपासली एकच विहीर, फक्त दहा वेळा. एकाच पिंजऱ्यातले दहा उंदीर किंवा एकाच वाफ्यातली दहा रोपे यांनाही हाच न्याय लागतो. नवख्या संशोधकाची चूक सर्वात जास्त वेळा इथेच होते आणि ती पकडली जाते तीही सेमिनारमध्येच.

तिसरा प्रश्न : या निष्कर्षाचे दुसरे काही स्पष्टीकरण असू शकते का? हा प्रश्न आपल्या मनात सहसा येत नाही. ज्याने रात्री जागून प्रयोग केला त्याला आपले उत्तर प्रिय झालेले असते. म्हणूनच प्रश्न विचारायला परका माणूस लागतो.

जीबीएसचे उदाहरण घेतले तर?

एनआयव्हीच्या तपासणीत काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू, तर काहींत नोरोविषाणू आढळला. बातमी तिथे संपते. सेमिनारमध्ये मात्र चर्चा तिथून सुरू झाली असती.

कॅम्पिलोबॅक्टरच्या बाह्य आवरणातील काही रेणू आपल्या चेतातंतूंवरील रेणूंसारखे दिसतात. जिवाणूविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे या साम्यामुळे फसतात आणि स्वतःच्याच चेतातंतूंवर हल्ला करतात. जुलाब झाल्यावर एक ते तीन आठवड्यांनी हातापायांत मुंग्या येणे, अशक्तपणा येणे सुरू होते ते यामुळे. पण या जिवाणूचा संसर्ग झालेल्या साधारण हजारांत एकालाच जीबीएस होतो. मग उरलेल्या ९९९ जणांना का होत नाही?

पुढचा प्रश्न. हातपाय लुळे पडेपर्यंत जिवाणू शरीरातून निघून गेलेला असू शकतो. म्हणजे नमुन्यात तो सापडला नाही, तर तो नव्हताच असे म्हणता येईल का? आणि सापडला, तर त्याच गल्लीतल्या निरोगी माणसांत तो किती जणांत आहे, हे पाहिले का? पाण्यात सापडलेला आणि रुग्णात सापडलेला जिवाणू एकाच वाणाचा आहे, हे जनुकीय क्रमाने ताडून पाहिले का?

हे प्रश्न विचारायला जीवशास्त्राची पदवी लागत नाही. ते ऐकायची सवय मात्र लागते. ती सवय असलेला नागरिक ‘कोंबडी खाल्ल्याने होते’ हा संदेश पुढे ढकलण्यापूर्वी थांबतो. ‘पाण्याची तपासणी झाली’ असे सांगितले गेले, तर किती ठिकाणी, कधी आणि कशासाठी, असे तो विचारतो. धायरीच्या दृष्टीने सेमिनारचे मोल हे आहे.

नियम बदलल्याने महत्त्व का वाढले?

यूजीसीच्या २०१६ च्या नियमांनुसार प्रबंधापूर्वी किमान एक शोधनिबंध प्रसिद्ध करणे आणि दोन परिषदांत सादरीकरण करणे बंधनकारक होते. २०२२ च्या नियमांत ही सक्ती उरली नाही. त्यामागे कारणही होते. सक्तीमुळे पैसे घेऊन वाट्टेल ते छापणाऱ्या नियतकालिकांचे फावले होते आणि विद्यार्थी त्यांच्या गळाला लागत होते. सक्ती गेली हे बरेच झाले.

पण त्याची दुसरी बाजू लक्षात घ्यायला हवी. शोधनिबंधाची अट नसेल, तर विद्यार्थ्याचे काम मार्गदर्शकाबाहेरच्या लोकांकडून तपासले जाण्याच्या जागा उरतात त्या समितीपुढचे सादरीकरण, विभागाचा सेमिनार, बाहेरचे परीक्षक आणि खुली परीक्षा एवढ्याच. यातील सेमिनार कमकुवत झाला, तर चूक उशिरा सापडते. प्रबंध बांधून झाल्यावर सापडलेली चूक सहसा कोणालाच नको असते.

मग अडते कुठे?

अनेक ठिकाणी सेमिनार हा हजेरीचा कार्यक्रम होऊन बसतो. वहीत सही, मागच्या रांगेत मोबाइल, शेवटी चहा-बिस्किटे. प्रश्न विचारतात ते दोन-तीन ज्येष्ठ. ‘सरांना कसे विचारायचे’ म्हणून कनिष्ठ गप्प राहतात. ‘मार्गदर्शकांना राग येईल’ म्हणून सहकारी प्राध्यापकही सौम्य होतात. प्रश्न म्हणजे अपमान, ही समजूत आपल्या शिक्षणपद्धतीत खोलवर आहे.

दुसरी अडचण भाषेची. महाराष्ट्रातील विद्यापीठांत संशोधनाला येणाऱ्या मुला-मुलींत जिल्हा परिषदेच्या शाळेत आणि तालुक्याच्या महाविद्यालयात शिकलेल्यांची संख्या मोठी आहे. प्रयोग उत्तम केलेला असतो, पण इंग्रजीत उभे राहून बोलायचे म्हटले की घशाला कोरड पडते. मग स्लाइडवरचे वाक्य जसेच्या तसे वाचले जाते. प्रश्न आला की तो समजला नाही की उत्तर माहीत नाही, हे समोरच्याला कळत नाही. इंग्रजी यायलाच हवी, जगाशी बोलायचे तर तिला पर्याय नाही. पण विचार पक्का झाला आहे का, हे तपासण्याची कसोटी केवळ इंग्रजीच असावी, असे नाही. आपण केलेला प्रयोग घरी आईला मराठीत समजावून सांगता येत नसेल, तर तो आपल्यालाच पुरता कळला आहे का, हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःला विचारावा.

सामान्यांना आत जाता येते का?

नियमांतला ‘खुला’ हा शब्द शिक्षक, संशोधक आणि विद्यार्थी यांच्यापुरता आहे. पाहुण्यांची व्याख्याने अनेकदा सर्वांसाठी खुली असतात. पण सूचना लागते विभागाच्या फलकावर किंवा संकेतस्थळाच्या कोपऱ्यात. वेळ कामाच्या दिवशी दुपारची, भाषा इंग्रजी. सिंहगड रस्त्याची कोंडी पार करून तिथे पोहोचणाऱ्याला पहिल्या पाच मिनिटांत काही समजले नाही, तर तो पुन्हा येणार नाही.

प्रबंध मात्र कोणालाही वाचता येतात. देशभरातील प्रबंध ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर ठेवले जातात आणि ते मोबाइलवरही उघडतात. पण दोन-अडीचशे पानांचा इंग्रजी प्रबंध हाती देणे म्हणजे माहिती दिली असे म्हणता येते, समजावून सांगितली असे नाही.

आणि पैसा लोकांचाच आहे. केंद्राच्या कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीची रक्कम जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७ हजार रुपये, तर वरिष्ठ अधिछात्रवृत्तीची ४२ हजार रुपये आहे. ही रक्कम जास्त नाही. ती वेळेवर मिळावी यासाठी विद्यार्थ्यांना झगडावे लागते, हेही खरे. तो झगडा समाजाला आपला वाटायचा, तर या मुलांनी केलेले काम समाजाला ठाऊक असायला हवे.

मराठीत हे शक्य आहे का?

१८७५ हे वर्ष इथे आठवण्यासारखे आहे. त्या वर्षी माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात विल्यम ऑस्लर या वैद्यकाच्या अध्यापकाने जर्नल क्लब सुरू केला. त्याच वर्षी पुण्यात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली. एक परंपरा जाणकारांनी जाणकारांना प्रश्न विचारण्याची, दुसरी जाणकाराने सर्वांपुढे बोलण्याची. पुण्यात दोन्ही रुजल्या. पण त्या एकमेकींना फारशा भेटल्या नाहीत.

त्या भेटू शकतात, हे खगोलशास्त्राने दाखवले आहे. विद्यापीठाच्या आवारातील ‘आयुका’त महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी शाळकरी मुलांसाठी व्याख्याने होतात. जयंत नारळीकरांनी आयुष्यभर मराठीत लिहून आणि बोलून विज्ञान घराघरांत नेले. कृष्णविवर मराठीत सांगता येते, तर पेशी का सांगता येऊ नये? पेशी, जनुक, प्रथिन, विकर, प्रतिपिंड हे शब्द शालेय पुस्तकांतून आणि राज्याच्या परिभाषा कोशांतून केव्हाच तयार आहेत. जिथे मराठी शब्द जड वाटेल तिथे डीएनए, बॅक्टेरिया, अँटिबायोटिक हे शब्द लोकांच्या तोंडी आहेतच. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. तिच्यात आजचे विज्ञान बोलले गेले नाही, तर तो दर्जा केवळ मिरवण्यापुरता उरेल.

आक्षेप कोणते?

पहिला आक्षेप असा की अप्रकाशित काम बाहेर सांगितले, तर दुसरे कोणी ते आधी छापेल. तो रास्त आहे. त्यावर उपाय सोपा. आकडे सांगू नका. प्रश्न काय आहे, तो का विचारला आणि तपासता कसा, एवढेच सांगा. लोकांना बहुतेक वेळा तेच हवे असते.

दुसरा आक्षेप वेळेचा. प्रयोग, शिकवणी, अहवाल यांतून विद्यार्थ्याला सवड कुठे? पण संपूर्ण पीएच.डी.त एकदा २० मिनिटे बोलणे हे ओझे नव्हे. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड विद्यापीठाने २००८ मध्ये तीन मिनिटांत आणि एकाच स्लाइडवर प्रबंध सांगण्याची स्पर्धा सुरू केली, ती आज अनेक देशांत होते. आपल्याकडे केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २०१८ मध्ये ‘अवसर’ ही योजना आणली. तिच्यात संशोधक विद्यार्थ्यांकडून त्यांच्या कामावर सोप्या भाषेतले लेख मागवले गेले.

तिसरा आक्षेप सुलभीकरणाचा. सोपे करता करता चुकीचे सांगितले जाईल, ही भीती खोटी नाही. पण संशोधक गप्प राहिले म्हणून चुकीचे सांगितले जाण्याचे थांबत नाही. ते दुसरे कोणी तरी सांगते, एवढेच.

काय करता येईल?

यूजीसीच्या २०२२ च्या नियमांतच एक वाट आहे. प्रत्येक संशोधक विद्यार्थ्याने आपल्या विषयाच्या अध्यापनाचे आणि लेखनाचे प्रशिक्षण घ्यावे, असे त्यात म्हटले आहे. पुण्यातील जीवशास्त्र विभागांनी प्रत्येक विद्यार्थ्याचे एक मराठी सार्वजनिक व्याख्यान या प्रशिक्षणाचा भाग मानावे. ज्यांना मराठी येत नाही, त्यांच्याबरोबर मराठी जाणणारा सहकारी उभा राहील. व्याख्यान विभागात नको, विभागाबाहेर हवे. धायरीसारख्या उपनगरांत शाळांची सभागृहे आहेत, ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, सोसायट्यांचे क्लबहाऊस आहेत, गणेशोत्सवाचे मांडव आहेत. वेळ रविवार सकाळची. बोलणे २० मिनिटे, प्रश्न ४० मिनिटे. हे प्रमाण उलटे होता कामा नये.

विषयांची वानवा नाही. मुळा-मुठेतील माशांच्या नोंदी पुण्याचे अभ्यासक १९४० च्या दशकापासून ठेवत आले आहेत. त्या नोंदी शेजारी शेजारी मांडल्या, तर नदीचे काय झाले याचा हिशेबच हाती येतो. गव्हाचे आणि सोयाबीनचे वाण, डासांमधली कीटकनाशकांना न जुमानण्याची ताकद, प्रतिजैविकांना दाद न देणारे जिवाणू, सिंहगडाच्या उतारावरची वनस्पती हे सारे इथल्याच लोकांच्या जगण्यातले आहे.

श्रोत्यांनी काय विचारावे?

जीवशास्त्राचा कोणताही दावा समोर आला, मग तो व्याख्यानात असो, बातमीत किंवा मोबाइलवर, पाच प्रश्न पुरतात. तुलना कशाशी केली? नमुने किती आणि कुठून घेतले? दुसरे काही कारण असू शकते का? हेच दुसऱ्या कोणाला आढळले का? आणि कोणती गोष्ट दिसली, तर तुम्ही तुमचे मत बदलाल? शेवटच्या प्रश्नाला ज्याच्याकडे उत्तर नाही, त्याच्या ठाम बोलण्यावर फार विसंबू नये.

पुढची साथ केव्हा येईल, हे सांगता येणार नाही. ती आल्यावर घाईघाईने जागृतीचे फलक लावून विश्वास तयार होत नाही, तो आधीच्या ओळखीतून होतो. सहा महिन्यांपूर्वी आपल्याच शाळेच्या सभागृहात येऊन ‘हे आम्हाला अजून कळलेले नाही’ असे प्रामाणिकपणे सांगून गेलेली संशोधक मुलगी साथीच्या दिवसांत ‘पाणी उकळूनच प्या’ म्हणाली, तर लोक ऐकतील. विद्यापीठांनी सेमिनार हॉलचे दार महिन्यातून एकदा तरी बाहेरून उघडता येईल असे करावे आणि धायरीकरांनीही निमंत्रणाची वाट न पाहता आपणहून बोलावणे धाडावे.